लॉकडाऊनमध्ये एवढे पक्षी आले कुठून?

२०२०च्या एप्रिलमधली गोष्ट आहे. सकाळचे सहा वाजले असतील, मी अजून अंथरुणात, आणि आई बाल्कनीतून हाका मारतेय, "अगं ऊठ, इकडे ये आधी, हे बघ काय चाललंय, एवढे पक्षी आपल्याकडे कधीच नव्हते, आले कुठून हे सगळे?" आम्ही पुण्यात कर्वे रस्त्यापासून दोन गल्ल्या आत राहतो, चौथा मजला, समोर सोसायटीचा मोठा पर्जन्यवृक्ष, त्याच्यामागे शेजारच्या जुन्या बंगल्यातला आंबा आणि उंबर, हिरवं म्हणून जे काही आहे ते एवढंच. आई या घरात तीसेक वर्षं राहतेय, तीच बाल्कनी, तीच झाडं, आणि तरी त्या सकाळी ती परगावी आल्यासारखी बघत होती.

मी तेव्हा तिला सरळ सांगून टाकलं की माणसं घरात बसली ना, प्रदूषण कमी झालं, म्हणून जंगलातले पक्षी शहरात आलेत. तेव्हा सगळीकडे हेच चाललं होतं. व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आले म्हणून एक व्हिडिओ तुम्हालाही व्हॉट्सॲपवर आला असेल, तो मुळात सार्डिनिया बेटावरच्या बंदरातला होता, आणि व्हेनिसचे म्हणून जे हंस दाखवत होते ते तिथल्या बुरानो बेटाजवळ एरवीही असतात. म्हणजे "निसर्ग परत आला" ही गोष्ट ऐकायला सगळ्यांना हवी होती, मलाही हवी होती, बाहेर जे चाललं होतं ते इतकं भीतीदायक होतं की काहीतरी चांगलं घडतंय असं कुणी म्हटलं की बरं वाटायचं.

पण आईचा प्रश्न डोक्यातून जाईना. मग मी त्याबद्दल वाचत गेले, पुढची चार-पाच वर्षं जसं जमेल तसं, आणि उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी सुंदर निघालं. ते इथे सोप्या भाषेत लिहितेय. आधीच सांगते, आपल्या खिडकीपुरतं बोलायचं तर ते पक्षी बहुतेक कुठूनच आले नव्हते.

सुरुवात कॅलेंडरपासून करू. २२ मार्चला रविवारी जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या, आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. त्या वर्षी २५ मार्चलाच गुढीपाडवा होता. म्हणजे चैत्राचा पहिला दिवस आणि लॉकडाऊनचा पहिला दिवस एकच. आता चैत्र-वैशाख म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी पक्ष्यांच्या विणीचा हंगाम, आणि पक्षी सगळ्यात जास्त गातात ते याच काळात. डिसेंबरात पुण्यात दिवस साधारण ११ तासांचा असतो, तो वाढत वाढत जूनमध्ये सव्वातेरा तासांवर जातो. हा वाढता उजेड पक्ष्यांना कळतो, आणि गंमत म्हणजे नुसता डोळ्यांनी नाही, त्यांच्या मेंदूत आत खोलवर उजेड टिपणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपून येणारा प्रकाश तिथपर्यंत पोचतो. त्यातून शरीरातली हार्मोन्स बदलतात, आणि बऱ्याच गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये तर मेंदूचा गाण्याचा भागसुद्धा हंगामात मोठा होतो आणि नंतर परत आक्रसतो. त्यामुळे हिवाळ्यात मुकाट असलेला पक्षी मार्चमध्ये अचानक दिवसभर गायला लागतो, आणि आपल्याला वाटतं तो आत्ताच आला.

कोकीळ हे याचं चांगलं उदाहरण. पुष्कळ लोकांना वाटतं की तो वसंतात येतो आणि पावसाळ्यानंतर जातो. पुण्यात तो बाराही महिने असतो, फक्त थंडीत गप्प असतो, आणि गप्प कोकीळ दाट पानांत दिसणं जवळपास अशक्य. (आणि हो, कुहूकुहू करतो तो नर, काळा कुळकुळीत. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि ती नुसती किक-किक-किक करत ओरडते. अंडी घालायची कावळ्याच्या घरट्यात, त्यामुळे कावळ्यांची घरटी बांधायची वेळ आणि कोकिळाची गाण्याची वेळ एकमेकांना जुळलेली असते.)

म्हणजे पहिली गोष्ट ही की लॉकडाऊन नसता तरी त्या एप्रिलमध्ये पक्षी तेवढेच गायले असते. पण मग मागच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आईला ते ऐकू का नाही आले? इथे आवाजाचं गणित समजून घ्यावं लागतं, आणि मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते हेच.

विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा वाजतोय आणि शेजारी उभी असलेली मैत्रीण काहीतरी बोलतेय, असं आठवून बघा. तिचे ओठ हलताना दिसतात, तिचा आवाज तुमच्या कानापर्यंत पोचतोयसुद्धा, हवा तेवढीच हलतेय, पण ढोलाच्या आवाजातून मेंदू तो वेगळा काढू शकत नाही. याला ध्वनिशास्त्रात मास्किंग म्हणतात, एका आवाजाने दुसऱ्याला झाकून टाकणं. शहरात पक्ष्यांचं नेमकं हेच होतं. गाड्यांचा आवाज, म्हणजे इंजिनांची घरघर आणि टायर रस्त्यावर घासल्याचा आवाज, हा मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो, खर्जातला म्हणा. तो सतत असतो त्यामुळे आपल्याला तो आवाज वाटतच नाही, ती आपली शांतताच होऊन बसलेली असते. आणि खालच्या पट्टीतला आवाज फार लांब जातो, भिंतींना, झाडांना फारसा जुमानत नाही, म्हणून दोन गल्ल्या आत राहूनही कर्वे रस्ता आमच्या बाल्कनीत चोवीस तास हजर असतो.

आता डेसिबल. हे माप जरा विचित्र आहे. १० डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते, २० वाढले की शंभरपट, कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठी वाटते. आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावर ऑफिस सुटायच्या वेळेला ती पाळली जात नाही हे सांगायला यंत्राची गरज नाही. पण आपल्या कामाचा आकडा वेगळाच आहे, तो म्हणजे ६. मोकळ्या जागेत आवाजापासून दुप्पट लांब गेलं की तो ६ डेसिबलने कमी होतो. हेच उलटं करून बघा: आजूबाजूचा गोंगाट ६ डेसिबलने कमी झाला तर जो बुलबुल तुम्हाला आधी २५ मीटरवरूनच ऐकू येत होता, तो आता ५० मीटरवरूनही ऐकू येईल. बुलबुलाने काहीच केलं नाही. तुम्हीही नाही.

आणि आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. मी तिला हे स्वयंपाकघरात समजावलं, ती पोळ्या करत होती तेव्हा. एका पोळीच्या कणकेत तेवढ्याच जाडीच्या किती पुऱ्या होतील, पुरी पोळीच्या निम्म्या रुंदीची असेल तर? पटकन दोन म्हणावंसं वाटतं. होतात चार. कारण रुंदी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होतं, दोन्ही बाजूंनी वाढतं ना ते. तुम्ही बाल्कनीत उभे आहात आणि तुमच्याभोवती एक अदृश्य वर्तुळ आहे, ज्याच्या आतला पक्षी तुम्हाला ऐकू येतो आणि बाहेरचा नाही. एरवी हे वर्तुळ पुरीएवढं असतं. रस्ता बंद झाला आणि ते पोळीएवढं झालं. त्या पोळीत चौपट झाडं आहेत, म्हणजे साधारण चौपट पक्षी आहेत. समोरच्या पर्जन्यवृक्षावरचे होतेच, आता बंगल्याच्या आंब्यावरचा आला, मागच्या सोसायटीच्या नारळावरचा आला, पलीकडच्या शाळेच्या मैदानाकडेचा आला, सगळे एकदम एकाच सकाळी आपल्या घरी. आई लाटणं हातात धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे ते तिथे रोज गातच होते?"

हो. रोज.

हे मी मनाचं गणित मांडत नाहीये, अशाच काळात याचा खरोखर अभ्यास झालाय. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो नावाची एक चिमणी असते, डोक्यावर काळे-पांढरे पट्टे असलेली. तिच्या गाण्याची काही वर्षं आधीची रेकॉर्डिंग एलिझाबेथ डेरीबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे होती, मग लॉकडाऊनमध्ये त्याच जागी परत रेकॉर्डिंग केलं आणि दोन्ही ताडून बघितलं, २०२०मध्येच ते 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. तिथल्या गोल्डन गेट पुलावरची वाहतूक तेव्हा १९५४च्या पातळीपर्यंत खाली गेली होती, म्हणजे त्या चिमण्यांच्या कितीतरी पिढ्यांनी कधीच अनुभवली नसेल अशी शांतता. आणि चिमण्यांनी काय केलं? आवाज कमी केला. हळू गायला लागल्या. आणि हळू गाऊनसुद्धा त्यांचं गाणं आधीच्या दुप्पट अंतरावर पोचत होतं, आणि त्या संशोधकांनीही तेच चौपटीचं गणित मांडलंय, की माणसांना एरवीपेक्षा चौपट पक्षी ऐकू येत असतील.

पक्षी हळू गायले हे मला वाचताना फार लागलं, का ते सांगते. गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो, एकोणीसशे अकरामध्ये एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे नीट नोंदवलं म्हणून याला लोंबार्ड इफेक्ट म्हणतात. पक्षीही हेच करतात. बर्लिनमधले नाइटिंगेल रहदारीच्या जागी जास्त मोठ्याने गातात. काही पक्षी पट्टीच बदलतात, नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट नावाच्या छोट्या पक्ष्याचा अभ्यास २००३मध्ये प्रसिद्ध झाला, जिथे गोंगाट जास्त तिथले नर खालचे सूर सोडून वरच्या सुरात गात होते, म्हणजे काळी एकच्या गायकाने माईक नाही म्हणून काळी चारमध्ये गावं तसं. इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये रॉबिन पक्षी दिवसा गोंगाट असलेल्या भागात रात्री गाताना आढळले.

आता चढ्या आवाजात गायला लागलं की काय जातं हे गाणं ऐकणाऱ्या कुणालाही सांगायला नको. बारकावे जातात. मींड जाते, मुरकी जाते, खर्ज तर जातोच. पक्ष्याचा आवाज आपल्यासारखा गळ्याच्या वरच्या भागातून येत नाही, त्यांच्या श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथे तळाशी सिरिंक्स नावाचा अवयव असतो, आणि बरेच गाणारे पक्षी त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाजवू शकतात, एकाच गळ्यात दोन वाद्यं. एवढं सगळं वापरून नर जे गातो त्यात मादीला ऐकायचं असतं ते हेच, की याला किती रुंद पट्ट्यात, किती सफाईने गाता येतं. गोंगाटात त्याला हे दाखवताच येत नाही, खालचे सूर गाड्या खाऊन टाकतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या चिमण्यांनी लॉकडाऊनमध्ये आवाज उतरवला आणि गाणं खालपर्यंत पसरवलं, सुटलेले सूर परत घेतले, म्हणजे जास्त चांगलं गायल्या. आपण जे शहरात रोज ऐकतो ते पक्ष्यांचं ओरडणं असतं, गळा ताणून केलेलं. मला हे कळल्यापासून सिग्नलपाशी विजेच्या तारेवर बसून गाणारा दयाळ दिसला की वाईट वाटतं.

हे समजलं की आणखी एक कोडं सुटतं. त्या दिवसांत आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना "नवीन" वाटलेले पक्षी कुठले होते? पोपट नव्हे, साळुंकी नव्हे, शिंपी नव्हे. त्यांचे आवाज कर्कश नाहीतर टोकदार, ते गाड्यांच्या वरून निसटून ऐकू येतातच. नवीन वाटले ते भारद्वाज, तांबट आणि होला. तिघेही खालच्या पट्टीतले. भारद्वाजाचा तो खोल हूप-हूप-हूप, रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी घुमावं तसा, दाट झुडपातून लांब जाण्यासाठी तो अगदी योग्य, कारण खालचा सूर पानांनी अडत नाही. पण गाडीची घरघर बरोब्बर त्याच जागेवर बसते. म्हणजे शहरात भारद्वाज असतो, घुमतही असतो, आणि कुणाला पत्ता नसतो.

तांबटाबद्दल तर मी पानंच्या पानं लिहू शकते. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळ लालभडक, गळा पिवळा, उंबराची फळं त्याच्या आवडीची. टुक-टुक-टुक-टुक अशी ठोक्यामागून ठोके देणारी हाक, मिनिटाला शंभराच्या घरात, आणि तेही चोच मिटून, प्रत्येक ठोक्याला गळा फुगतो फक्त. हाक देताना मान इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज कुठून येतोय हे कळतच नाही, आई चार दिवस त्याला शोधत होती. कसबा पेठेतली तांबट आळी ज्यांनी ऐकलीय त्यांना या पक्ष्याचं नाव समजावून सांगावं लागत नाही, पितळ-तांब्याच्या भांड्यावर हातोडीचा तोच नेमका ठोका. त्या एप्रिलमध्ये पेठा सील झाल्या होत्या, आळीतल्या हातोड्या बंद, आणि उंबरावरचा तांबट एकटा ठोकत होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मीही त्या फॉरवर्डांसारखंच केलं असं होईल. पक्षी अजिबात हललेच नाहीत असंही नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या पक्षीनिरीक्षकांच्या लाखो नोंदी तपासून २०२१मध्ये एक अभ्यास आला, ८२ जातींच्या पक्ष्यांचा, त्यात ६६ जातींच्या वावरात फरक दिसला, बहुतेक ठिकाणी रस्ते, शहरं, विमानतळ यांच्याजवळ ते जास्त दिसले. म्हणजे माणसाची धावपळ थांबली तर पक्षी जरा जवळ सरकतात, हे खरं. पण जवळ सरकतात ते आधीपासून काठावर असलेले, जंगल उठून शहरात येत नाही. आणि सगळ्यांचं भलंच झालं असंही नाही, माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर जगणाऱ्या प्राण्यांचे हाल झाले, थायलंडमध्ये लोपबुरी गावात पर्यटक यायचे बंद झाले तेव्हा माकडांच्या टोळ्या भर रस्त्यात भिडल्या. शास्त्रज्ञांनी माणसाच्या या थांबण्याला अँथ्रोपॉज असं नाव दिलंय. भूकंपमापकांनासुद्धा तो कळला, माणसांच्या हालचालीने जमिनीला जी बारीक थरथर सतत चालू असते ती जगभरात निम्म्यापर्यंत खाली आली होती.

ती शांतता कशामुळे आली होती हे मी विसरत नाही. आमच्या बाल्कनीतून कोकीळ आणि ॲम्ब्युलन्सचा सायरन एकाच वेळी ऐकू यायचे, ॲम्ब्युलन्स कुठल्या गल्लीत वळतेय ते आई कान देऊन ऐकायची. लोक चालत गावाकडे निघाले होते. असा लॉकडाऊन परत यावा असं कुणीही म्हणू नये.

पण आई त्या काळात सावरली ती पक्ष्यांमुळे, हेही खरं आहे. पहिले दोन आठवडे ती दिवसभर टीव्हीवर आकडे बघायची आणि रात्री झोपायची नाही. मग त्या सकाळनंतर हळूहळू तिचं बाल्कनीत बसणं वाढलं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशोब लिहायच्या चौकोनात ती लिहायला लागली, "तांबट ६.४०", "होला दोन, कठड्यावर", "काळा-पांढरा, शेपटी वर, छान गातो". तो दयाळ होता, मी नेटवर शोधून सांगितलं. माझ्या फोनवर आवाज वाजवायचे आणि आपण ऐकला तो हाच का ते ठरवायचं, हा आमचा रोजचा उद्योग झाला.

एप्रिलच्या शेवटी शेवटी शिंजिराच्या मादीने आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरच घरटं बांधायला घेतलं. शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी, नर उन्हात जांभळा-निळा चमकतो, मादी साधी, वरून मातकट आणि पोटाशी पिवळसर. बांधकाम सगळं तिचंच, कोळ्याची जाळी, वाळकं गवत, सालींचे तुकडे, लांबून बघितलं तर दोरीला कचरा अडकलाय असं वाटावं, आणि तसं वाटावं हाच हेतू. आत दोन अंडी. पंधरा-सोळा दिवस ती बसली. आम्ही महिनाभर कपडे आत खुर्च्यांवर वाळवले, आणि आईने मला बाल्कनीत फोनवर बोलायला बंदी केली. पिल्लं मेच्या शेवटी उडाली. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, पुण्यात कितीतरी झाडं पडली, आमच्या पर्जन्यवृक्षाची एक फांदी गेली आणि ते रिकामं घरटंही वाऱ्याने कुठे उडून गेलं. आई म्हणाली, चार दिवस आधी निघाली हो पोरं.

असं बघण्या-ऐकण्याने मनाला बरं का वाटतं यावरही काम झालंय. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी फोनवरच्या ॲपमधून १,२९२ लोकांना दिवसातून अनेकदा विचारलं की आत्ता कसं वाटतंय, आणि आत्ता पक्षी दिसतोय किंवा ऐकू येतोय का. २०२२मध्ये त्याचा निष्कर्ष आला, पक्षी दिसला-ऐकू आला की मन बरं असतं आणि तो परिणाम आठ तासांपर्यंत टिकलेला दिसतो, नैराश्याचं निदान झालेल्या लोकांमध्येसुद्धा. याचं एक स्पष्टीकरण मला पटतं. आपलं लक्ष दोन प्रकारचं असतं, एक जोर लावून द्यावं लागणारं, म्हणजे हिशोब, गाडी चालवणं, बातम्या, आणि हे दमतं. दुसरं आपोआप जाणारं, पानं हलताना, पाणी वाहताना, पक्षी घरटं बांधताना. दुसरं चालू असताना पहिल्याला विश्रांती मिळते. आईला त्या एप्रिलमध्ये औषधाइतकी गरज होती ती या विश्रांतीची.

आणि आता कानाबद्दल शेवटचं, कारण नुसत्या डेसिबलने सगळं उलगडत नाही. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं, आपल्याला ऐकू येत नाही, मेंदू त्याला बिनकामाचं ठरवून बाजूला टाकतो. पक्षीही असेच टाकलेले असतात. पण भर लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या गर्दीत कुणी आपल्या नावाने हाक मारली तर ती मात्र बरोबर ऐकू येते, कारण ती मेंदूच्या ओळखीची आहे. पक्ष्यांचं नाव आणि आवाज कळला की तो या दुसऱ्या यादीत जातो. म्हणजे ते वर्तुळ दोन रीतींनी मोठं होतं, एक गोंगाट उतरला की, आणि एक ओळख झाली की. पहिलं आपल्या एकट्याच्या हातात नाही. दुसरं आहे, आणि तेही फार नको, सुरुवातीला पाच आवाज पुरतात: कोकीळ, तांबट, बुलबुल, दयाळ, शिंपी. पाचही पुण्यातल्या जवळजवळ कुठल्याही झाड असलेल्या गल्लीत आहेत, त्यासाठी वेताळ टेकडी किंवा पाषाण तलाव गाठायला नको, गाठलात तर उत्तमच.

वेळ मात्र पहाटेची धरा. मार्च ते जून, उजाडायच्या अर्धा-पाऊण तास आधी. तेव्हा रस्ता झोपलेला असतो, हवा स्थिर असते त्यामुळे आवाज विस्कटत नाही, आणि पक्ष्यांना किडे दिसतील इतका उजेड झालेला नसतो, मग खाणं नाही तर गाणं. रोजच्या रोज तेवढा अर्धा तास आपलं वर्तुळ पोळीएवढं असतं, लॉकडाऊनशिवाय.

आणि जमलं तर सोसायटीतल्या एका वाळक्या फांदीसाठी भांडा. तांबट घरटं करतो ते वाळक्या, मऊ पडलेल्या फांदीत भोक कोरून. पावसाळ्याआधीच्या छाटणीत नेमक्या त्याच फांद्या पहिल्या जातात, "मेलेली आहे, काढून टाका" म्हणून. रस्त्यावर, गाड्यांवर पडेल अशी फांदी काढायलाच हवी, त्यात वाद नाही. पण जी खाली कुणाच्या डोक्यावर येणार नाही अशी एखादी ठेवता येते. २०२१च्या मेमध्ये आईने छाटणीवाल्याला अर्धा तास खाली थांबवून ठेवलं, कमिटीतल्या काकांना वर बोलावलं, बाल्कनीतून भोक दाखवलं, भोकातून बाहेर डोकावणारी लाल कपाळाची चोच दाखवली, आणि फांदी राहिली.

आता कर्वे रस्ता पूर्वीसारखा आहे, उलट जास्तच, वरून मेट्रोही जाते. मागच्या महिन्यात संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी ऑफिसमधून आले, खाली हॉर्नचा कल्लोळ चाललेला, बाल्कनीचं दार उघडं, आई आत भाजी निवडत बसलेली. मी काही बोलणार तेवढ्यात तिने हात वर केला.

"थांब. बुलबुलं ओरडतायत, खारपण. आणि तांबट गप्प झालाय."

मी कान दिला, मला गाड्यांशिवाय काही ऐकू येईना. बाहेर जाऊन बघितलं. पर्जन्यवृक्षाच्या मधल्या फांदीवर, पानांच्या आड, पक्ष्यांची शिकार करणारा शिक्रा बसला होता.